औषध खरेदीची परीक्षा पावसाळ्यात

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजार परिसरात सोयाबीनच्या शेतात कुणाला घोणस चावली, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस, म्हणजेच प्रतिविष आहे का? घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, उपचाराला उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. कपाटात दोनच कुप्या असून भागत नाही.

या कुप्या सरकारी खरेदीतून येतात. महाराष्ट्रात पूर्वी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग आपापली खरेदी करत. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे एकत्र सोपवण्यात आली. एकगठ्ठा मागणी नोंदवली की दर कमी मिळतो, हा त्यामागचा हिशेब. मात्र पुरवठा वेळेवर होत नसल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेजारच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप प्रशासनाने फेटाळला, तरी मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

अशा फेररचनेत तमिळनाडूचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. राज्यासाठी दर एकाच ठिकाणी ठरतो, पण माल जिल्ह्याच्या गोदामात येतो. तिथे सुमारे तीन महिन्यांचा साठा राखला जातो. प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक असते. मंजूर रकमेत कोणते औषध किती घ्यायचे, हे दवाखाना ठरवतो. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत तपासले जातात.

निविदा मुंबईत निघते, साप मात्र बांधावर चावतो. त्यामुळे कोणत्या महिन्यात किती कुप्या लागल्या, याची गावपातळीवरची नोंद वरपर्यंत पोहोचली आणि मृग नक्षत्राआधी कपाट भरले, तरच नवी व्यवस्था कामाला आली म्हणायची.