विडी सोडवणारा प्रश्न

घरोघरी एक तरी माणूस असा असतो, की ज्याला ‘सोडा हो ती विडी’ हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकावे लागते. बायको म्हणते, सून म्हणते, शाळेत व्यसनमुक्तीचे चित्र रंगवून आलेला नातूही म्हणतो. गृहस्थ सारे शांतपणे ऐकून घेतात आणि मग अंगणात जाऊन एक पेटवतात! फुप्फुसाचे काय होते हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. पाकिटावरचे भयानक चित्र तर ते रोज पाहतात. मग अडते कुठे?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मला केशोरीच्या मुक्कामात मिळाले. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे गाव आहे. इथली मिरची प्रसिद्ध. आसपास धानाच्या बांध्या, रान, आणि थोडे पुढे गेले की गडचिरोलीची हद्द. मे महिन्यात या भागातली माणसे भल्या पहाटे तेंदूपाने तोडायला रानात जातात आणि दुपारी अंगणात बसून पानांचे पुडे बांधतात. त्या पैशावर पुष्कळांचा पावसाळा निघतो. ज्या पानाने घरात चार पैसे येतात, त्याच पानात तंबाखू गुंडाळून विडी होते. अशा मुलखात विडीला शिव्या देत बसणाऱ्या पाहुण्याचे कोण ऐकणार?

तिथल्या एका डॉक्टरीणबाईंच्या समोर साठी ओलांडलेले एक शेतकरी बसले होते. दोघांच्या परवानगीने मीही कोपऱ्यात बसलो.

“बाबाजी, विडीबद्दल थोडे बोलले तर चालेल का?” बाईंनी विचारले.

“बोला ना जी. सोडा म्हनाल, दुसरं का म्हनाल?”

“ते तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मला वेगळेच विचारायचे आहे. विडी ओढून तुम्हाला बरे काय वाटते?”

म्हातारा चमकला. असा प्रश्न त्याला जन्मात कोणी केला नसावा. मग तो खुलला. सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही. बांधीवर एकटे असले की तिची सोबत होते. चार माणसांत बसले की देणेघेणे होते. बाईंनी एकदाही मान नकारार्थी हलवली नाही.

“आणि न आवडण्यासारखे काही?”

“खोकला हाय. अन् नात जवळ येत नाही. म्हनते, आजोबा, तुमचा वास येते.”

“ते तुम्हाला लागते.”

बराच वेळ तो गप्प राहिला. “लागते ना जी,” तो म्हणाला. “तिले शाळेत मीच नेतो. चढावर दम लागते, तर तीच थांबते मायासाठी.”

बाईंनी मग विचारले, “शून्य म्हणजे सोडायची मुळीच इच्छा नाही आणि दहा म्हणजे आजच सोडायची, तर तुम्ही कितीवर?” उत्तर आले, “चार.” आपण विचारले असते, ‘चारच का?’ आणि त्याने विडी न सोडण्याची सहा कारणे ऐकवली असती. बाईंनी विचारले, “चार का? शून्य का नाही?” झाले! म्हातारा स्वतःच स्वतःला सोडण्याची कारणे सांगू लागला.

सारी मेख इथे आहे. व्यसनी माणसाच्या मनात दोन पक्ष आधीपासून भांडत असतात. आपण एका पक्षाचे वकीलपत्र घेतले, की तो बिचारा दुसऱ्याचे घेतो, आणि बोलता बोलता आपल्याच युक्तिवादाने त्याची स्वतःची खात्री पटते.

ही रीत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मांडली. १९८२ साली ते नॉर्वेतल्या बर्गेन येथे होते. दारू पिणाऱ्यांशी आपण कसे बोलतो हे ते तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना करून दाखवत, तेव्हा ती मंडळी मध्येच थांबवून विचारत, ‘हाच प्रश्न का विचारलात?’ उत्तरे देता देता मिलरना आपल्याच कामातले नियम सापडले. १९८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यावर ग्रंथ लिहिला.

आता, ही जादूची कांडी आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी धूम्रपानाबाबतच्या ३७ चाचण्या तपासल्या. इतर प्रकारच्या मदतीपेक्षा या संभाषणाने अधिक लोक सुटतात, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. निकोटिन ओढल्यापासून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. त्याची ओढ नुसत्या गोड बोलण्याने कशी जाईल? निकोटिनचा च्युइंगम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची औषधे यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. विडी म्हणजे सिगारेटची गरीब, निरुपद्रवी बहीण, हा समजही खोटा. तिचे पान हवा आत येऊ देत नाही, ती विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि विष भरपूर मिळते.

त्या बाबाजींनी सात आठवडे विडीला हात लावला नाही, असे मला पुढे फोनवर कळले. मात्र त्यांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आली होती! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या पदार्थाने विदर्भाला पुरते वेढले आहे. बाईंना राग आला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, “खर्रा खाऊन बरे काय वाटते?”

मला ही रीत आवडते ती याचसाठी. चुकलेला माणूस तोंड लपवत नाही, परत येतो. आणि परत येण्याला उशीर झाला असे सहसा होत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षे चालवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली आला. साठीत सिगारेट सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते, पन्नाशीत सोडणाऱ्याला ६, चाळिशीत ९ आणि तिशीत १०.

दिवाळीच्या फराळाला सारे घर जमेल, तेव्हा कोणी काका गच्चीवर निघालेच, तर त्यांच्यामागे जाऊन पाहायला हरकत नाही. पण उपदेश घेऊन नव्हे. ‘काका, यात तुम्हाला आवडते काय?’ एवढेच विचारावे आणि खरोखर ऐकावे. हेच अवघड, विशेषतः पुतण्यांना! त्यांना मदत हवी असेल तर सरकारचा विनामूल्य दूरध्वनी आहे, १८००-११-२३५६. तो कुठे शोधायला नको. २०१८ पासून तो त्यांच्या खिशातल्या पाकिटावरच छापलेला असतो.