मागच्या शेडला वीज नेताना अर्थिंगचे काय?

पुढे घर आणि मागे कारखाना, ही आपल्या कारागीर वस्त्यांतली जुनी मांडणी आहे. भिवंडी-मालेगावात घराला लागूनच लूमची शेड असते. इतर गावांत परसात पत्रे ठोकून कुणी फर्निचर बनवितो, कुणी वेल्डिंग करतो, कुणी बेकरीचे पीठ मळण्याचे मशीन बसवितो. शेड वेगळी असली तरी वीज बहुधा घरातूनच जाते. भिंतीला भोक पाडून तारा बाहेर काढल्या, शेडमध्ये मेन स्विच आणि फ्यूज बसविला की मशीन फिरू लागते. अर्थिंगचा विषय निघालाच तर वायरमन म्हणतो, "चाचा, शेडच्या मागे एक पाइप ठोकून देतो, फिकीर करू नका."

त्या पाइपवर किती भरवसा ठेवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझ्या ओळखीच्या एका सुताराने परसातल्या शेडमध्ये रंधा मारण्याचे मशीन बसविले होते. मशीन लोखंडी अँगलवर, अँगल पत्र्याच्या खांबाला बोल्टने आवळलेला, आणि त्याच खांबापासून घराच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालण्याची तार. पावसाळ्यात मोटारीत ओल शिरली आणि आतली फेज मोटारीच्या बॉडीला लागली. घरातल्या बाईंनी ओले कपडे तारेवर टाकले आणि त्या फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण हात महिनाभर कामाचा राहिला नाही. नंतर पाहिले तर शेडमागे अर्थिंगचा पाइप होता, त्याची तार मशीनला नीट जोडलेली होती आणि फ्यूज शाबूत होता. त्या महिन्याचे वीजबिलही वाढून आले होते, पण ते नव्या मशीनचे असेल असे सगळ्यांनी धरले होते.

अर्थिंग होती, फ्यूजही होता, मग फ्यूज उडाला का नाही? याचे उत्तर साध्या हिशोबात आहे.

फ्यूज किंवा एमसीबी उडायला करंट जोरात वाहावा लागतो. १६ अँपिअरची एमसीबी क्षणात पडायची तर साधारण ८० ते १६० अँपिअर लागतात. बॉडीला लागलेली फेज पाइपमधून जमिनीत जाते, आणि मातीतून वाट काढत ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत पोचते, तेव्हा तिचा फेरा पूर्ण होतो. या वाटेतला अडथळा ओहममध्ये मोजतात. अडीच मीटर लांबीचा, दीड इंची जीआय पाइप मध्यम प्रतीच्या मातीत उभा पुरला, तर त्या एकट्या पाइपचा अडथळा सुमारे ३५ ओहम येतो. ट्रान्सफॉर्मरकडचे ५ ओहम धरले तर झाले ४०. आता २३० व्होल्टला ४० ने भागा. करंट निघतो पावणेसहा अँपिअर. एवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी सोडाच, ६ अँपिअरचीही हलणार नाही. उलट मशीनच्या बॉडीवर तितका वेळ सुमारे २०० व्होल्ट उभे राहतात, आणि तासाला युनिटभराहून जास्त वीज जमिनीत मुरत राहते. सुताराचे बिल वाढले ते यामुळेच.

म्हणजे पाइप ठोकल्याने बॉडीवरचे व्होल्ट २३० वरून २०० वर आले. याला संरक्षण म्हणता येत नाही.

वायरमन पाइप तपासतो तो बल्ब लावून. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला, शंभरचा बल्ब लख्ख पेटला की "अर्थिंग पक्की!" पण शंभर वॉटच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि त्याचा स्वतःचाच अडथळा पाचशे ओहमहून अधिक असतो. त्यापुढे चाळीस ओहम म्हणजे काहीच नाही. तो अशा पाइपवर जवळजवळ पूर्ण उजेड देतो. बल्ब पेटल्यावर तार तुटलेली नाही एवढेच कळते. खड्डा किती ओहमचा आहे हे अर्थ टेस्टरनेच मोजावे लागते, तेही मे महिन्यात. पावसाळ्यात कोणताही खड्डा चांगलाच दिसतो.

मातीवर फार अवलंबून आहे. ओलसर काळ्या मातीत तोच पाइप पाच-सात ओहम देईल, पण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पाइपपासून सुटते. मुरमाड जमिनीत किंवा दोन फुटांवर काळा पाषाण लागणाऱ्या गावात शेकडो ओहम येणे नवलाचे नाही. कोळसा-मीठ घालून आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओतून फरक पडतो, मात्र मिठाने पाइप लवकर गंजतो. एका पाइपने भागत नसेल तर दुसरा पुरावा. तो पहिल्यापासून निदान पाच मीटर दूर हवा, कारण जवळजवळ पुरलेले दोन पाइप एकाच मातीवर भार टाकतात आणि खर्च दुप्पट होऊन लाभ थोडाच होतो.

तरीही कितीही पाइप पुरले तरी ८० अँपिअर मातीतून नेणे आपल्या आवाक्यातले काम नाही. ज्यांच्याकडे वीज कंपनीने तारेने आणलेले अर्थचे टर्मिनल खरोखर दिलेले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे करंट धातूच्या वाटेने परततो आणि एमसीबी पडते. बाकीच्यांनी भरवसा ठेवायचा तो ईएलसीबीवर, जिला आता बाजारात आरसीसीबी म्हणतात.

तिचे काम समजायला सोपे आहे. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, हे ती सतत ताडून पाहते. फरक ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा तेहतिसावा भाग झाला की ती वीज तोडते. आपल्या ३५ ओहमच्या पाइपमधून पावणेसहा अँपिअर गळत होते, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दोनशेपट. सुताराकडे ती असती तर फेज बॉडीला लागता क्षणीच मशीन बंद पडले असते. पाइप दोनशे ओहमचा असला तरी तिचे काम चालते. मात्र अर्थिंग अजिबात नसेल तर माणसाच्या अंगातून गळती सुरू झाल्यावरच ती पडेल, म्हणून पाइप नकोच असे कोणी समजू नये. आणि जादा लोड किंवा शॉर्टसर्किट ती ओळखत नाही, तिच्यासोबत एमसीबी लागतेच.

आता घर आणि शेड यांच्या नात्याकडे येऊ. घराचा खड्डा वेगळा, शेडचा वेगळा, आणि मध्ये काही जोड नाही, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी असते. शेडमधली फेज बॉडीला लागली तर तेथले लोखंड २०० व्होल्टवर आणि घराचे शून्यावर. अशा वेळी घरातून एक्स्टेंशन ओढून शेडमध्ये ड्रिल चालविणाऱ्याच्या एका हातात घराची अर्थ आणि दुसऱ्या हाताखाली शेडची. म्हणून दोन्ही खड्डे एकमेकांना तारेने जोडावेत. शेडला केबल नेताना फेज-न्यूट्रलसोबत अर्थची तार त्याच वेळी न्यावी, सोळा चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तांब्याच्या केबलला फेजच्याच जाडीची. पुढे नंतर ओढू म्हटलेली तार कधीच ओढली जात नाही. केबल आर्मर्ड घ्यावी, पाऊण मीटर खोल पुरून वर विटा ठेवाव्यात, आणि तिचे लोखंडी आवरण ग्लँडने अर्थला जोडावे. शेडचे पत्रे, अँगल, खांब हे सारे अर्थला बांधावे. कपड्यांची तार शेडला बांधू नये, नायलॉनची दोरी वापरावी.

थ्री फेज मोटारीच्या बॉडीला अर्थच्या दोन स्वतंत्र तारा हव्यात. १९५६ च्या वीज नियमांत हे होते आणि २०१० च्या नियमांतही कायम राहिले. मशीनच्या थरथरीने एक नट सैल झाला तरी दुसरी तार काम करते. लूमसारख्या हादरणाऱ्या मशीनला याचे मोल अधिक.

एक गोष्ट मात्र कोणत्याही उस्तादाने सांगितली तरी करू देऊ नये, ती म्हणजे शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणे. पिनमधल्या अर्थच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा टाकला की टेस्टर काही दाखवत नाही, बल्बही पेटतो, आणि वायरमनचे काम दोन मिनिटांत उरकते. पण घर ते शेड या वाटेत न्यूट्रलचा एखादा जोड सुटला, तर मशीनमधून गेलेली फेज न्यूट्रलच्या वाटेने थेट बॉडीवर येते. मशीन बंद पडलेले, म्हणून कारागीर ते पाहायला हात लावतो.

आरसीसीबीविषयी तक्रार एकच ऐकू येते, की ती सारखी पडते. मग कुणी तिला वगळून सरळ तारा जोडतो. जुन्या मोटारींत थोडी गळती असतेच, आणि दहा मोटारींची मिळून ३० मिलिअँपिअर होते. यावर उपाय म्हणजे दोन-तीन मशीनला मिळून एक अशा वेगळ्या आरसीसीबी बसविणे. घराकडून शेडची वेगळी लाइन काढावी आणि तिच्या सुरुवातीला थोडी उशिरा पडणारी, १०० मिलिअँपिअरची बसवावी, म्हणजे पुरलेल्या केबललाही संरक्षण मिळते आणि शेडमधल्या दोषाने घरात अंधार होत नाही. मात्र प्रत्येक आरसीसीबीचा न्यूट्रल वेगळा ठेवावा. दोघींचे न्यूट्रल एका पट्टीवर आले की त्या विनाकारण पडत राहतात, आणि वायरमन मशीनला दोष देतो.

एवढे करूनही एखादी मोटार चालू करताच पडत असेल तर ती मोटार मेगरने तपासून घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर अशा मोटारी हमखास सापडतात. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबावे. दाबूनही ती पडली नाही तर ती त्याच दिवशी बदलावी.