आर्यभटाची नौका आणि संवेगाचा हिशेब

लोहा हे नांदेड–लातूर रस्त्यावरचे गाव. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुले एसटीनेच येथे आली आणि सुट्टीला एसटीनेच गावी गेली. भौतिकशास्त्राचा एक अवघड धडा त्यांनी पुस्तक उघडण्यापूर्वीच अनुभवलेला असतो. आमचा विषय इतिहास. परंतु या धड्याचे एक टोक गोदाकाठापर्यंत पोहोचते, म्हणून हे धाडस.

पाली ग्रंथांत ‘अस्सक’ या नावाने येणारे गोदावरीकाठचे महाजनपद म्हणजे अश्मक. इ. स. ६२९ मध्ये ‘आर्यभटीय’ या ग्रंथावर भाष्य लिहिणारा पहिला भास्कर आर्यभटाचे नाते अश्मकाशी जोडतो. जन्मस्थानाविषयी विद्वानांचे एकमत नाही, पण इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने मांडलेला विचार स्पष्ट आहे. पुढे जाणाऱ्या नौकेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे फिरत्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. आपण जेथून पाहतो आणि मोजतो, ती आपली निर्देश-चौकट.

पृथ्वी फिरते या मतावर वराहमिहिराने विचारले, मग उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लोह्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. उत्तर एसटीतच आहे. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीत नाणे सरळ वर उडवावे, ते हातातच पडते. कारण गाडीचा वेग नाण्याला आधीच मिळालेला असतो. पृथ्वीचा वेगही पक्ष्याला आणि भोवतालच्या हवेला तसाच मिळालेला असतो. युरोपात गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाचा दाखला देऊन हेच समजावले.

आता संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ५० किलोग्रॅम वस्तुमानाची विद्यार्थिनी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाच्या गाडीत बसली आहे. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या हिशेबाने तिचा संवेग ७५०. शेजारच्या प्रवाशाच्या हिशेबाने शून्य. दोन्ही उत्तरे बरोबर. वस्तुमान मात्र दोघांनाही ५० किलोग्रॅमच मिळेल.

येथे विद्यार्थी घाईने म्हणतात, मग सगळेच ज्याच्या त्याच्या पाहण्यावर! तसे नाही. एकसमान वेगाच्या प्रत्येक चौकटीत नियम तेच राहतात: बाहेरून बल लागत नसेल, तर टकरीपूर्वीचा आणि नंतरचा एकूण संवेग समान असतो. चालकाने ब्रेक दाबला, की गाडीची चौकट तशी राहत नाही. उभे प्रवासी पुढे झुकतात, कोणीतरी ढकलल्यासारखे वाटते. शेतकऱ्याला विचारा; त्याला ढकलणारा कोणी दिसत नाही. प्रवासी आपल्या पूर्वीच्या वेगाने जात होते, गाडी तेवढी मंदावली. आणि दांडा धरलेल्या हाताने त्यांना मागे ओढून धरले.