जॉयस्टिकच्या गेमला ट्रॅकबॉल जोडताना

अटारीने १९८० साली ‘मिसाइल कमांड’ आर्केडमध्ये आणला, तेव्हा त्याच्या कॅबिनेटवर जॉयस्टिक नव्हतीच. पॅनेलमध्ये अर्धवट बुडवलेला एक जड गोळा होता आणि शेजारी तीन बटणं. तळहाताने गोळा फिरवायचा, पडद्यावरचं निशाण त्याच वेगाने पळवायचं आणि वरून येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या वाटेत स्फोट घडवायचा. पुढच्याच वर्षी हा गेम अटारी २६०० या घरगुती कन्सोलवर आला. तिथे क्षेपणास्त्रं डागणाऱ्या तीन तळांचा एक तळ झाला, तीन बटणांचं एक बटण झालं आणि गोळ्याची जागा जॉयस्टिकने घेतली. निशाण आता ठरावीक गतीनेच सरकू लागलं. हात कितीही चपळ असला तरी त्याचा उपयोग उरला नाही.

१९८३ मध्ये अटारीने घरगुती वापरासाठी सीएक्स२२ हा ट्रॅकबॉल विकायला काढला. तो कन्सोलच्या त्याच नऊ पिनांच्या पोर्टात बसतो. पण जुने गेम फक्त जॉयस्टिकची भाषा जाणत होते, त्यामुळे त्यांच्यापुढे गोळ्यालाही जॉयस्टिकचं सोंग घ्यावं लागे. गोळा हळू फिरवा की जोरात, गेमला ऐकू येई ते एवढंच: ‘उजवीकडे’. पुढे हौशी प्रोग्रॅमरांनी ‘मिसाइल कमांड’ आणि ‘सेंटिपीड’सारख्या गेमच्या कोडमध्येच हात घालून त्यांना खऱ्या ट्रॅकबॉलची ओळख करून दिली. हे काम कसं चालतं, ते पायरीपायरीने पाहू.

जॉयस्टिक काय सांगते

अटारी २६०० ची जॉयस्टिक म्हणजे पाच साधे स्विच: चार दिशांचे आणि एक बटणाचा. दिशांच्या चार तारा ६५३२ या चिपपर्यंत जातात. ही चिप त्यांची स्थिती एका बाइटमध्ये मांडते. त्या बाइटचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये ०२८०. वरचे चार बिट डाव्या पोर्टातल्या खेळाडूचे, खालचे चार उजव्या पोर्टातल्या. वरून क्रम असा: उजवी, डावी, खाली, वर. दिशा दाबलेली असेल तर बिट शून्य, नसेल तर एक.

टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढलं जातं. प्रत्येक चित्राच्या, म्हणजे फ्रेमच्या, आधी गेम हा बाइट एकदा वाचतो. उजवीचा बिट शून्य दिसला की निशाणाच्या आडव्या अंकात एक किंवा दोन मिळवतो. एवढंच. सेकंदाला ६० वेळा वाचणं पुरतं, कारण खेळाडू जॉयस्टिक दाबून धरतो. एखादं वाचन चुकलं तरी पुढच्या वेळी ती दिशा दाबलेलीच असते.

गोळा काय सांगतो

ट्रॅकबॉलच्या आत गोळ्याला टेकलेले दोन रूळ असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येक रुळाच्या टोकाला चिरा पाडलेली चकती असते. तिच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर. चकती फिरली की प्रकाश अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. तारेवरचा सिग्नल त्याबरोबर वरखाली होतो.

हे सिग्नल पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएक्स२२ मध्ये प्रत्येक अक्षाला दोन तारा मिळतात: एक दिशेची, एक हालचालीची. गोळा एक पाऊल सरकला की हालचालीचा बिट उलटतो. दिशेचा बिट ते पाऊल कुठल्या बाजूला पडलं ते सांगतो. अटारीचा नंतरचा सीएक्स८०, तसेच अटारी एसटी आणि अमिगा या संगणकांचे माउस, वेगळी पद्धत वापरतात. त्यांत दोन सेन्सर दोन चिरांमधल्या अंतराच्या पाव भागाने मागेपुढे बसवलेले असतात. एका बाजूला फिरताना दोन तारांवर ००, ०१, ११, १० असा क्रम येतो. उलट्या बाजूला तोच क्रम उलटा येतो. जुनी जोडी आणि नवी जोडी ताडून पाहिली की दिशा कळते. अटारी एसटी आणि अमिगा यांच्या पिनांचा क्रम मात्र सारखा नाही, म्हणून एकासाठी केलेलं कोष्टक दुसऱ्याला चालत नाही.

पद्धत कुठलीही असो, जॉयस्टिकपेक्षा मूळ फरक एकच. जॉयस्टिक जळत्या दिव्यासारखी आहे, केव्हाही मान वर करून पाहावं. ट्रॅकबॉल टोले देणाऱ्या घड्याळासारखा आहे: ते वाजत असताना लक्ष दुसरीकडे असेल तर किती वाजले ते मागाहून कळत नाही. सीएक्स२२ चा हालचालीचा बिट दोन वाचनांच्या मध्ये दोनदा उलटला, तर तो जिथल्या तिथे दिसतो आणि दोन्ही पावलं गिळली जातात. दुसऱ्या पद्धतीत ०० नंतर एकदम ११ दिसलं, तर दोन पावलं झाली हे कळतं, पण ती डावीकडे की उजवीकडे हे कळायला मार्ग नसतो. ट्रॅकबॉल जोडण्याचं सगळं काम या एका अडचणीभोवती फिरतं. निशाण हलवणं सोपं आहे, पुरेशा वेळा कान देणं अवघड.

किती वेळा वाचायचं

हिशेबापुरतं समजा, जोरात फिरवलेला गोळा सेकंदाला १००० पावलं पाठवतो. ६० फ्रेमनी भागलं तर एका फ्रेममध्ये जवळपास १७ पावलं. फ्रेममागे एकदाच वाचणाऱ्या गेमला त्यातून काहीच अर्थ लागणार नाही. प्रत्येक पाऊल वेगळं दिसायचं तर एका फ्रेममध्ये किमान १७ वाचनं हवीत, तीही सारख्या अंतराने.

अमेरिकी टीव्हीच्या एका फ्रेममध्ये २६२ आडव्या ओळी असतात. दर आठ ओळींनी एकदा वाचलं तर फ्रेममागे सुमारे ३२ वाचनं होतात, म्हणजे सेकंदाला जवळपास २०००. गरजेच्या दुप्पट. कागदावर प्रश्न सुटला. पण त्या ओळी मोकळ्या नसतात.

वेळ कुठून काढायचा

अटारी २६०० मध्ये पडद्याचं पूर्ण चित्र साठवायला मेमरीच नाही. सगळी रॅम १२८ बाइटची. टीव्हीचा किरण एकेक ओळ रंगवत खाली येतो आणि ६५०७ हा प्रोसेसर त्याच्या पुढेपुढे पळत प्रत्येक ओळीचे रंग आणि आकार ग्राफिक्स चिपला देत राहतो. एका ओळीला त्याच्याकडे ७६ क्लॉक सायकल असतात. कोडच्या ज्या तुकड्यात ही धावपळ चालते त्याला प्रोग्रॅमर ‘कर्नल’ म्हणतात. तिथे एकेक सायकल मोजून खर्च केलेली असते.

सीएक्स२२ चा एक अक्ष वाचण्याचा खर्च मांडून पाहू. पोर्टचा बाइट वाचायला ४ सायकल, तो बाजूला ठेवायला २, जुन्या बाइटशी ताडायला ३, हालचालीचा बिट वेगळा काढायला २ आणि बदल नसेल तर पुढे उडी मारायला ३. म्हणजे काहीच घडलं नाही तरी १४ सायकल गेल्या. बदल झाला असेल तर दिशा तपासणं, काउंटर एकाने वाढवणं किंवा घटवणं आणि नवा बाइट साठवणं यात खर्च ३० च्या आसपास जातो. दोन अक्षांचा खर्च एकाच ओळीत मावणं कठीण, म्हणून एका वेळी आडवा अक्ष आणि पुढच्या वेळी उभा, असं आळीपाळीने वाचतात. तसं केलं की वाचनांची संख्याही दुप्पट धरावी लागते.

कर्नलमध्ये जागा काढायचे मार्ग मोजकेच. गुणांची पट्टी, दोन भागांमधली रिकामी ओळ, जमिनीचा सपाट पट्टा अशा हलक्या ओळींवर वाचन टाकता येतं. ओळीचं काम संपल्यावर बरेच गेम पुढची ओळ सुरू होईपर्यंत प्रोसेसरला थांबवून ठेवतात. ही थांबण्याची सूचना जिथे दिसेल, तिथे थोडी मोकळी सायकल नक्की मिळते. किती, हे मोजूनच ठरवायचं.

कर्नलमध्ये तीळभरही जागा नसेल तर दुसरा मार्ग उरतो. २६२ पैकी १९२ ओळींवरच चित्र असतं. उरलेल्या ७० ओळी पडद्याच्या वर आणि खाली अदृश्य असतात. एरवी गेमचं बाकीचं तर्कशास्त्र तिथेच चालतं. त्या काळात वारंवार वाचायचं आणि आलेल्या बेरजेला चाराने गुणायचं, कारण २६२ भागिले ७० म्हणजे जवळपास पावणेचार. चाराने गुणणं या प्रोसेसरला स्वस्त पडतं, बिट दोनदा डावीकडे सरकवले की झालं. पण हा अंदाज आहे. निशाण चारचार घरांच्या उड्या मारतं आणि बारीक नेम धरताना ते जाणवतं. जमत असेल तर पहिलाच मार्ग धरावा.

जागा कुठे शोधायची

मूळ गेमचा सोर्स कोड सहसा हाती नसतो. कार्ट्रिजमधले बाइट डिसअसेंबलरमधून काढून ते वाचावे लागतात. सुरुवात करायला एक ठळक खूण असते: पोर्ट वाचण्याची सूचना रॉममध्ये बहुधा ‘एडी ८० ०२’ अशी दिसते. पत्त्याचा खालचा भाग आधी लिहिला जातो, म्हणून ०२८० चं ८० ०२ होतं. ही खूण सापडली की त्यापुढचं कोड रॅममधले कुठले बाइट बदलतं ते पाहायचं. निशाणाचे आडवे आणि उभे अंक तिथेच सापडतात.

मग नव्या कोडला घर द्यायचं. तेव्हाचे बरेच गेम ४ किलोबाइटचे आणि काठोकाठ भरलेले. जॉयस्टिकच्या दिशा तपासणारा भाग आता नको असतो. ते बाइट आधी घ्यावेत. तेवढ्याने भागलं नाही तर कार्ट्रिज ८ किलोबाइटची करून दोन बँकांमध्ये अदलाबदल करता येते, पण त्या अदलाबदलीलाही सायकल लागतात. रॅममध्येही निदान तीन बाइट मोकळे हवेत: मागच्या वाचनाचा बाइट आणि दोन काउंटर. स्टॅकही त्याच १२८ बाइटमध्ये राहतो, म्हणून ‘रिकामा’ वाटणारा बाइट खेळाच्या मध्येच कुणी वापरत नाही ना, याची खात्री करावी.

इथे नवखे हमखास फसतात ते एका बारीक गोष्टीत. या प्रोसेसरमध्ये सशर्त उडी मारायला ३ सायकल लागतात. पण उडी २५६ बाइटच्या पानाची हद्द ओलांडून गेली तर ४. मध्ये चार बाइट घुसवले की त्यानंतरचं सगळं कोड सरकतं, कर्नलमधली एखादी उडी हद्दीपलीकडे जाते आणि ट्रॅकबॉलशी संबंध नसलेलं एखादं चित्र तिरकं होतं. म्हणून मूळ बाइट सरकवू नयेत. जुन्या जागेवर फक्त उडीची सूचना लिहावी आणि नवं कोड वेगळ्या मोकळ्या जागेत ठेवावं.

आकड्याचं निशाण करताना

फ्रेम संपताना काउंटरमध्ये उणे-अधिक आकडा असतो. तो निशाणाच्या अंकात मिळवायचा आणि काउंटर शून्य करायचा. मात्र पडद्याची रुंदी १६० घरांची आणि बाइट २५५ पर्यंतच जातो. उजव्या कडेजवळ १५० वर असलेल्या निशाणात ११० मिळवले तर बेरीज २६० न येता ४ येते आणि निशाण डाव्या कडेला उगवतं. बेरजेनंतर कॅरी, म्हणजे हातचा, आणि १६० ची हद्द असं दोन्ही तपासून कडेलाच थांबवणं भाग आहे.

घरं चौकोनीही नाहीत. ४:३ च्या पडद्यावर आडवी १६० घरं आणि उभ्या १९२ ओळी. म्हणजे प्रत्येक घर उंचीच्या साधारण १.६ पट रुंद. दोन्ही अक्षांना सारखीच पावलं दिली तर तिरका फिरवलेला गोळा निशाणाला आडवंच जास्त ढकलतो. आडव्या आकड्याला थोडी कात्री लावली की हात आणि नजर जुळतात.

बटणाला हात लावायची गरज नाही. ट्रॅकबॉलचं बटण जॉयस्टिकच्याच पिनेवर येतं, त्यामुळे जुनं कोड जसंच्या तसं चालतं. जॉयस्टिकही चालू ठेवायची असेल तर कन्सोलवरचा रंगीत आणि कृष्णधवल टीव्ही निवडण्याचा स्विच, गेम तो वापरत नसेल तर, या निवडीसाठी घेता येतो.

तपासून पाहणं

पहिली तपासणी स्टेला या एम्युलेटरवर करावी. त्यात संगणकाचा माउस ट्रॅकबॉल म्हणून वापरता येतो आणि डीबगरमध्ये प्रत्येक फ्रेमच्या ओळी मोजता येतात. गोळा जोरात फिरवतानाही आकडा २६२ वर स्थिर राहिला पाहिजे. तो २६३, २६४ असा हलू लागला तर नवं कोड वेळ ओलांडतंय, आणि खऱ्या टीव्हीवर चित्र उड्या मारणार. नंतर खऱ्या कन्सोलवर, खऱ्या गोळ्याने खेळून पाहणं टाळू नये. माउसची सरक आणि जड गोळ्याची गती हाताला वेगवेगळी लागते.

तयार झालेला पूर्ण गेम वाटू नये, कारण मूळ कोडचे हक्क दुसऱ्याचे असतात. फक्त बदललेल्या बाइटांची पॅच फाइल द्यावी. ज्याच्याकडे गेम आहे तो ती स्वतः लावून घेईल.

आणि गेम निवडताना एक कसोटी लावावी. ज्या गेममध्ये निशाण पडद्यावर कुठेही मोकळं फिरतं, तिथे ही मेहनत सार्थकी लागते. ज्यात खेळाडू ठरलेल्या वाटांवरून चौकटीचौकटीने चालतो, तिथे गोळा जोडून काही मिळत नाही. अशा गेमला जॉयस्टिकच बरी.