सड्याखालचं लोखंड, सड्याखालचं पाणी

मैत्रिणींनो, खाण म्हटलं की मालवणात आपल्याला चिरेखाणच आठवते. जांभा काढला, चिरे तासले, घर उभं राहिलं. मग लोखंडाच्या खाणीला लोक एवढे का बिचकतात, असं काही जणींनी आम्हाला विचारलं. त्यासाठी आधी सडा समजून घेऊया.

सडा वरून नुसता कातळ दिसतो, पण जांभा असतो सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकट शेडी मातीवर अडतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. आपल्या बावी, व्हाळ, वायंगणी भात, माड-पोफळी सगळं त्यावर. जिल्ह्याच्या दक्षिणेला, रेडीपासून दोडामार्गापर्यंत, याच जांभ्याच्या पोटात लोहखनिज आहे. गोव्यातल्या खाणींचाच तो पट्टा. सरहद्द माणसांची, दगडाला काय तिचं!

वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला बंदर शेजारीच, म्हणून खाण तिथे आधी रुजली. रेडीचा द्विभुज गणपती आपण हौसेने बघायला जातो. ती मूर्ती १९७६ साली खाणीच्याच जागेत मिळाली, हे नव्या मुलींना सांगावं लागतं. इकडे कणकवलीत कासार्डे भागात सिलिका वाळू निघते, ती काचेसाठी आणि ओतकामासाठी जाते.

चिरेखाण उथळ असते. लोहखनिजाचा खड्डा मात्र खोल जातो, कधी भूजलाच्याही खाली. मग खाणीत भरणारं पाणी पंपाने उपसत राहायचं. खाणीतून जे उपसलं जातं, ते कुणाच्या तरी बावीत यायचं असतं. शिवाय खनिजाहून टाकाऊ मातीच जास्त निघते. तिचे ढीग पावसात व्हाळात उतरतात.

दोडामार्गातल्या कळणे गावाने हे सोसलं आहे. तिथल्या लोकांनी खाणीला विरोध केला, बायाही पुढे होत्या, तरी खाण सुरू झाली. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत नव्या खाणींना परवाने देऊ नयेत असं सांगितलं. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि पाण्यासकट चिखल घरांत, बागायतीत शिरला. ती जमीन एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही.

मोठ्या खाणीआधी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी. तिथे ‘आमचं पाणी जाईल’ एवढंच म्हटलं, तर साहेब मान डोलावून पुढे जातात. वैशाखात आपल्या बावीत किती हात पाणी असतं, झरा कुठल्या महिन्यात आटतो, हे दरवर्षी तारखेसह वहीत लिहिलेलं असेल, तर ते कागदावर नोंदवून घ्या म्हणता येतं. वही घरच्या हिशेबाचीही चालेल.