लव्हाळा : उंसाच्या शेतांतील बिनबोलावलेला रहिवासी



नीरेच्या डाव्या कालव्यामुळें बारामती व इंदापूर या तालुक्यांतील कोरडीं रानें बागाईत झालीं. भवानीनगरच्या साखर कारखान्याभोंवतीं दृष्टि जाईल तेथवर ऊंस दिसतो. परंतु सरींत वाकून पाहिलें म्हणजे कोणींही न लाविलेली आणखी एक वनस्पति आढळते. ती म्हणजे लव्हाळा. संतांनीं त्याच्या नम्रतेचा दाखला दिला. शेतकऱ्याचें मत निराळें आहे.

त्यास आपण गवत म्हणतों, हें शास्त्रदृष्ट्या बरोबर नाहीं. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवावा, तीन कडा स्पष्ट लागतात. गवताची काडी बहुधा गोल व पोकळ, तर हा दांडा त्रिकोणी व भरीव. पानेंहि तीन ओळींत येतात. फुलांस पाकळ्या नाहींत; परागवहन वारा करीत असल्यामुळें कीटकांस मोहविण्याचें त्यास कारणच नाहीं. लिनीयसनें १७५३ सालीं त्यास ‘सायपेरस रोटुंडस’ हें नांव दिलें.

बीं क्वचितच रुजतें. खरा प्रपंच जमिनीखालीं, मुख्यतः वरच्या वीतभर थरांत असतो. तेथें दोऱ्यासारखे आडवे कोंब धांवतात, त्यांस गांठी येतात, गांठींतून पुन्हां कोंब. अशी माळच तयार होते. शेंड्याकडील गांठ फुटली म्हणजे मागील गांठी बहुधा निजून राहतात. खुरप्यानें माळ तुटली कीं त्या जाग्या होतात व स्वतंत्र फुटतात. निर्मूलनासाठीं केलेले श्रमच असे पेरणीचें काम करितात! तणनाशकानें पानें करपतात, पण निजलेल्या गांठीपर्यंत औषध पोंचत नाहीं. गंमत अशी, कीं हीच सुगंधी गांठ आयुर्वेदांत ‘मुस्ता’ म्हणून ज्वरातिसारावर मान्य आहे, आणि दिवाळीच्या उटण्यांतील नागरमोथाहि याच कुळांतला.

त्याचे शत्रु दोन : शोष आणि सावली. उन्हाळ्यांत नांगरून गांठी उघड्या तापूं दिल्या तर त्या मरतात. परंतु कालव्याखालच्या जमिनीस कोरडा काळच फारसा लाभत नाहीं. अतिपाण्यानें नीरा खोऱ्यांतील जमिनी खारवत चालल्याचें डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१० सालींच दाखविलें होतें. तेंच पाणी लव्हाळ्यास पोसतें.

राहिली सावली. ऊंस उंच होऊन पानांचें छत जुळलें म्हणजे लव्हाळा निस्तेज होतो. मात्र उंसाचा डोळा फुटावयास तीन-चार आठवडे लागतात, लव्हाळा त्याआधींच वर येतो. म्हणून पहिले तीन-चार महिने सरी स्वच्छ ठेवावी लागते. पुढें ऊंस तुटतो, ऊन जमिनीवर पडतें, आणि खोडव्याच्या फुटव्यांबरोबर लव्हाळ्याचीं पातीं पुन्हां डोकें काढितात.