गाडी उचलली, पण स्टिअरिंग वाकडं झालं? लिफ्टनंतर ॲक्सल आणि स्टिअरिंग पुन्हा जागेवर आणण्याची पद्धत

जिप्सी, जिम्नी किंवा जुनी जीप दोन इंच उचलून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. लिफ्ट किट मिळतं, गॅरेजवाला एका दिवसात बसवून देतो, गाडी रुबाबदार दिसते. खरी गंमत दुसऱ्या दिवशी हायवेवर कळते. गाडी सरळ जात असते आणि स्टिअरिंग मात्र तिरकं असतं. वळण संपल्यावर ते आपोआप परत येत नाही. ८० च्या वेगाला गाडी इकडेतिकडे झोके घेते. यावर गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळणारं उत्तर म्हणजे, "लिफ्टेड गाडी आहे, सवय होईल."

सवय करून घेऊ नका. हा सगळा भूमितीचा मामला आहे आणि भूमिती दुरुस्त करता येते. या लेखात आपण बघू की गाडी उचलल्यावर नेमकं काय बिघडतं, ते घरच्या घरी कसं मोजायचं आणि कोणत्या क्रमाने सुधारायचं.

उदाहरण म्हणून माझ्या मावसभावाची जिप्सी घेतो. दादा हिवरे बाजारला असतो, नगरपासून साधारण १७ किलोमीटरवर. गावात चराईबंदी आहे, म्हणजे जनावरं डोंगरावर मोकळी सोडत नाहीत, गवत कापून घरी आणतात. दादाची जिप्सी गवताचे भारे आणि दुधाचे कॅन वाहते आणि त्याच गाडीतून मुलं नगरला येतात. डोंगराकडच्या वाटेवर पोट घासतं म्हणून त्याने ती उचलून घेतली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण इंजिनिअरिंगला शिकलेली थोडी मेकॅनिझम्स शिल्लक आहेत. त्यामुळे "बघ रे काय झालंय, गाडी वाऱ्यावर चालल्यासारखी वाटते" असा फोन मला आला.

लिफ्ट केल्यावर काय बदलतं?

जिप्सी आणि जिम्नीचा पुढचा ॲक्सल अखंड असतो, म्हणजे दोन्ही चाकं एकाच हाउसिंगवर असतात. लिफ्ट म्हणजे हा ॲक्सल आणि चेसी यांच्यातलं उभं अंतर वाढवणं. पण दोघांना जोडणारे दांडे तेवढ्याच लांबीचे राहतात, फक्त जास्त तिरके होतात. तिरक्या दांड्याची आडवी लांबी कमी भरते. शिडी भिंतीला टेकवताना वरचं टोक जितकं वर न्याल, तितका खालचा पाय भिंतीजवळ घ्यावा लागतो, तसंच हे आहे. पुढच्या जवळपास सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तक्रार: स्टिअरिंग तिरकं

स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मपासून चाकाच्या नकलपर्यंत जाणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. समजा तिची लांबी ७०० मि.मी. आहे आणि तिच्या दोन टोकांत आधी ६० मि.मी. उंचीचा फरक होता. ५० मि.मी. लिफ्टनंतर तो ११० झाला. पायथागोरस लावला तर आडवी लांबी ६९७.४ वरून ६९१.३ मि.मी. होते, म्हणजे फक्त ६ मि.मी. कमी.

हे ६ मि.मी. किरकोळ वाटतात. पण बॉक्सवरचा आर्म १३० मि.मी. लांब धरला तर चाकं सरळ ठेवण्यासाठी तो सुमारे २.७ अंश फिरावा लागतो. बॉक्सचं गुणोत्तर १६:१ धरलं तर हातातलं चाक तब्बल ४३ अंश फिरतं. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गाडीचे स्वतः मोजा.)

यावरचा चुकीचा उपाय सर्रास केला जातो: स्टिअरिंग व्हील स्प्लाइनवरून काढायचं आणि सरळ करून परत बसवायचं. दादाच्या गाडीला एका गॅरेजने नेमकं हेच केलं होतं. व्हील सरळ दिसतं, पण बॉक्स आतून मध्यावर नसतो. स्टिअरिंग बॉक्सची रचना अशी असते की बरोबर मध्यावर आतल्या दात्यांमधली फट सगळ्यात कमी असते. मध्य सोडला की प्ले वाढतो. म्हणून हायवेवर गाडी सैल वाटते. शिवाय एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते.

योग्य उपाय म्हणजे ड्रॅग लिंकची लांबी जुळवणं. तिच्यावर लांबी कमी-जास्त करायचा स्लीव्ह असेल तर काम सोपं आहे, नसेल तर ॲडजस्टेबल लिंक घ्यावी लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हीलचे फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर बॉक्स आणा, चाकं सरळ करा आणि लिंक त्या लांबीला बसवा.

जिम्नीसारख्या गाडीत ईएसपी असतं, म्हणजे स्टिअरिंगचा कोन वाचणारा सेन्सरही असतो. व्हील तिरकं राहिलं तर गाडी सरळ चालली असताना संगणकाला वाटतं की ड्रायव्हर वळतोय. मग तो नको तिथे एखाद्या चाकाला ब्रेक लावू शकतो. त्यामुळे यांत्रिक काम संपल्यावर स्कॅनरने सेन्सरचा शून्य पुन्हा सेट करून घ्या. आधी हार्डवेअर, मग सॉफ्टवेअर.

दुसरी तक्रार: ॲक्सल एका बाजूला सरकलेला

जिप्सीत पाटे असतात. ॲक्सलला आडवं धरून ठेवायचं काम पाटेच करतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. कॉइल स्प्रिंगच्या अखंड ॲक्सलला मात्र पॅनहार्ड रॉड लागतो. त्याचं एक टोक चेसीला आणि दुसरं ॲक्सलला असतं.

रॉड ८०० मि.मी. लांब आणि टोकांतला फरक ८० वरून १३० मि.मी. झाला, तर ॲक्सल सुमारे ६.६ मि.मी. सरकतो. ७५ मि.मी. उचललं तर सरकणं ११ मि.मी.च्या पुढे जातं. ज्या बाजूला रॉड चेसीला जोडलाय, त्या बाजूला ॲक्सल ओढला जातो. म्हणून ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड घेऊन ॲक्सल परत मध्यावर आणतात.

इथे एक बारकावा आहे. पुढचा पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक जवळपास समांतर आणि सारख्या लांबीचे ठेवलेले असतात. त्यामुळे खड्ड्यात ॲक्सल वरखाली झाला की दोघांची टोकं सारखीच सरकतात आणि स्टिअरिंगला धक्का बसत नाही. आता कुणी फक्त ड्रॅग लिंकचा कोन कमी करायला बॉक्सवर खाली वाकलेला आर्म बसवला आणि पॅनहार्ड तसाच ठेवला, तर हा मेळ मोडतो. मग प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. एक उतरवलं तर दुसरंही तेवढंच उतरवायचं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: कॅस्टर

सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. गाडीत चाक ज्या अक्षावर वळतं, त्या किंगपिनच्या अक्षाचं वरचं टोक असंच मागे झुकलेलं असतं. हा कोन म्हणजे कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग परत येतं ते प्रामुख्याने याच्यामुळे. कॅस्टर गेला की गाडी वाऱ्यावर चालल्यासारखी वाटते. दादाने फोनवर सांगितलेलं लक्षण नेमकं हेच होतं.

जिम्नीत पुढच्या ॲक्सलला धरणारे आर्म मागे चेसीला जोडलेले असतात. चेसी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं आणि पूर्ण ॲक्सल पुढे वाकतो. आर्म ७०० मि.मी.चा धरला तर ५० मि.मी. लिफ्टला साधारण ४ अंश कॅस्टर जातो. उपाय तीन आहेत: ऑफसेट कॅस्टर बुश, आर्मचा चेसीकडचा जोड खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा कोन सुधारून बनवलेले आर्म.

जिप्सीची गोष्ट वेगळी. तिथे लिफ्ट कसं केलं यावर सगळं अवलंबून आहे. दादाच्या गाडीला लांब शॅकल लावले होते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो ५० मि.मी.ने लांब केला तर पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणजे ॲक्सलपाशी गाडी निम्मीच, साधारण २५ मि.मी. उचलली जाते. पण पाटा फिरतो. दोन टोकांत ९०० मि.मी. अंतर धरलं तर तीन अंशांहून जास्त. थोडक्यात, उंची कमी मिळाली आणि कॅस्टर भरपूर गेला. सगळ्यात स्वस्त लिफ्ट हेच, आणि स्टिअरिंगला सगळ्यात महाग पडतं तेही हेच.

पाट्यांच्या गाडीत कॅस्टर परत आणायला पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये पाचर बसवतात. पाचरीची दिशा चुकली तर कॅस्टर आणखी कमी होतो. मूळ जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, तिथे पाचरीची जाड बाजू पुढे हवी. पाटे ॲक्सलच्या वर घेतलेले असतील तर उलट, जाड बाजू मागे. पाचर लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमची दबते, तडकते आणि यू-बोल्ट सैल होतात.

मात्र कॅस्टर वाढवायला ॲक्सल मागे झुकवला की त्याच्या डिफरन्शियलचं नाकही खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर कोन वाढतो. फोर-व्हील लावल्यावर थरथर आली तर कारण हे समजा. म्हणून हवा तेवढाच कॅस्टर परत घ्यायचा. फार मोठं लिफ्ट करू नये याचं एक कारण हेही आहे.

घरच्या घरी मोजमाप

हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाणी आहे ते आधी मोजायचं, पिकं नंतर ठरवायची. गाडीतही तोच नियम लावा. लिफ्टच्या आधी आणि नंतर आकडे वहीत लिहा. आम्ही कांदा चाळीपुढच्या सिमेंटच्या कोब्यावर ओळंबा, खडू, टेप आणि मोबाईल एवढ्यावर हे केलं.

१. जागा सपाट हवी, टायरमध्ये हवा सारखी हवी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून स्प्रिंग बसू द्या.

२. चौकोन तपासा. दोन्ही ॲक्सलवरच्या सारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर सारखं हवं, कर्णही सारखे हवेत. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मि.मी. आहे. एका बाजूला फरक दिसला तर आधी पाट्याचा सेंटर बोल्ट ॲक्सलच्या भोकात नीट बसलाय का ते बघा. मागचा ॲक्सल तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि मग स्टिअरिंग कितीही सरळ केलं तरी उपयोग नाही.

३. कॅस्टर मोजायला मोबाईलचं लेव्हल ॲप चालतं. ॲक्सलवरच्या एकाच मशीन केलेल्या सपाट जागेवर आधी आणि नंतर मोबाईल टेकवा. नेमका कॅस्टर कळला नाही तरी फरक कळतो, आणि पाचर निवडायला तेवढा पुरतो.

४. टो मोजायला पुढच्या दोन्ही टायरवर मध्यभागी खडूने बारीक रेघ मारा. चाकाच्या मध्याच्या उंचीला पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं अंतर किंचित कमी, म्हणजे टो-इन हवं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

कामाचा क्रम

क्रम चुकला की काम दोनदा करावं लागतं. आधी जीर्ण भाग बदला: टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग, बुश. मग मागचा ॲक्सल चौकोनात आणा. त्यानंतर कॅस्टर, मग पॅनहार्ड, मग टो आणि सगळ्यात शेवटी ड्रॅग लिंक. कारण पॅनहार्डने ॲक्सल हलवला की स्टिअरिंग पुन्हा तिरकं होतं. सेन्सर असेल तर तो त्याच्याही नंतर.

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळा. जॅकवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट नवीनच वापरा आणि ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, टायर पाट्याला घासत नाही ना, हे बघा. मागे भारानुसार चालणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडीही जुळवून घ्या. नाहीतर उचललेली गाडी त्याला कायम रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो.

स्टिअरिंग जोरात थरथरलं तर?

एखाद्या खड्ड्यानंतर पूर्ण पुढचा ॲक्सल थरथरू लागला तर जोरात ब्रेक मारू नका. व्हील घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या आणि कडेला थांबा. याचं कारण बहुतेक वेळा झिजलेला जोड, सैल पॅनहार्ड, बॅलन्स नसलेली चाकं किंवा कमी कॅस्टर हे असतं. जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून थरथर काही दिवस झाकली जाते, पण ती बरी होत नाही. दादाच्या गाडीला लांब शॅकल काढून जरा जास्त कमानीचे पाटे घातले, पाचर लावली, किंगपिन बेअरिंग बदलले आणि ड्रॅग लिंक जुळवली. डॅम्पर जुनाच आहे.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पैसे घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. मूळ मापाचे चांगले पाटे, योग्य हवा आणि डिफरन्शियल खालची प्लेट एवढ्याने काम भागत असेल तर लिफ्टची गरजच उरत नाही.

आणि उचलायचीच असेल तर किटच्या किमतीत कॅस्टर सुधारणा, ॲडजस्टेबल लिंक आणि अलाइनमेंट यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. तेवढं बजेट बसत नसेल तर दोन इंचांऐवजी एक इंच उचला, पण स्टिअरिंग जागेवर ठेवा.